पेंटर, हे काळं उडंल कधी?

माझ्या कामाबद्दल गिऱ्हाइकं एकच प्रश्न विचारायची, "टिकंल ना?" गाडीच्या बंपरचं पांढरं पडलेलं प्लास्टिक पुन्हा काळं करून देणं हा माझा धंदा होता, आणि "दोन पावसाळे तरी बघायचं काम नाही" हे माझं ठरलेलं उत्तर. पंधरा-सोळा वर्षांत एकच माणूस असा भेटला ज्याने उलटं विचारलं. शिरड शहापूरचे दत्तराव. त्यांनी बंपरपुढं उकिडवं बसून मला विचारलं, "पेंटर, हे काळं उडंल कधी?" त्या काळ्याखाली त्यांच्या मेलेल्या बायकोच्या हाताचा ठसा होता. तो मी झाकला होता, आणि तो परत दिसेल की नाही हे मला सांगता येत नव्हतं.

ती गोष्ट सांगायची म्हणूनच लिहायला बसलो आहे. पण आधी धंदा समजावून देतो, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळायचं नाही.

मूळचा मी पाट्या रंगवणारा. अक्षर गिरवायला शिकलो ते आमच्या वस्तीत, जयंतीच्या आधी भिंती रंगवताना. पुढे हिंगोलीत दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि कमळं, सगळं केलं. तोवर गाडी म्हणजे जीप, आणि जीपचं बंपर लोखंडी. लोखंड गंजलं की खरवडायचं, रंग मारायचा, विषय संपला. नव्वदीनंतर छोट्या गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर काळं प्लास्टिक आलं. बंपर प्लास्टिकचं, दारावरची पट्टी प्लास्टिकची, आरशाचं टोपण प्लास्टिकचं, वायपरखालची जाळी प्लास्टिकची. नवी असताना हे सगळं पिकल्या जांभळासारखं दिसायचं. आमच्याकडचे तीन उन्हाळे खाल्ले की चुलीतल्या राखेच्या रंगाचं व्हायचं. गाडी आतून कितीही ठणठणीत असो, बंपर राखाडी झालं की माणसाला गाडी म्हातारी वाटते. आणि गाडी म्हातारी दिसली की मालकाला आपणही उतरल्यासारखं वाटतं. माझा धंदा या दुसऱ्या गोष्टीवर चालला.

हे प्लास्टिक रंगवलेलं नसतं, हे आधी लक्षात घ्या. काळा रंग त्याच्या अंगातच असतो. ऊन वरची कातडी खातं आणि तिचा खडू करतं. बोट फिरवून पाहा, बोटाला राखाडी भुकटी लागेल. त्या भुकटीखाली काळं प्लास्टिक अजून जिवंत असतं. पाणी मारलं की दोन मिनिटं बंपर काळंभोर दिसतं आणि वाळलं की पुन्हा पांढरं, ते यामुळेच. लोक त्या दोन मिनिटांना भुलतात आणि घरातलं जे हाताला लागेल ते चोळतात. खोबरेल, गोडेतेल, डिझेल, बुटाचं पॉलिश. कनेरगाव नाक्यावर एक ढाबेवाला होता, त्याने तर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल बंपरला चोपडलं आणि मेहुण्याच्या लग्नाला सेनगावच्या कच्च्या रस्त्याने गाडी नेली. मंडपाशी उतरला तेव्हा बंपर पिठात घोळलेल्या भज्यासारखं झालं होतं. शिवाय नवरदेवाच्या पांढऱ्या पँटला ते टेकलं. माझ्याकडे आला तो मेहुण्याच्या शिव्या खाऊनच आला.

मी तरी कुठं शहाणा होतो म्हणा. पहिलं काम मिळालं ते एका डॉक्टरसाहेबांचं. त्यांच्या दवाखान्याची पाटी मीच रंगवलेली. ते म्हणाले, "पेंटर, भिंत रंगवतोस, पाटी रंगवतोस, हे का नाही?" मी काळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. गाडी नवी दिसायला लागली. तिसऱ्या महिन्यात, उन्हाने पाठीची साल निघते तशी त्या रंगाची साल निघाली. या प्लास्टिकला काही धरूनच ठेवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग मी अक्कल लढवली. भिंतीवरचा जुना ऑइलपेंट जाळून काढायला आम्हा पेंटर लोकांकडे ब्लो लॅम्प असतो, स्टोव्हसारखा भुर्र आवाज करत ज्योत फेकणारा. ती ज्योत लांबून, भरभर फिरवली तर राखाडी प्लास्टिक डोळ्यांदेखत काळं होतं. वरची खडू झालेली कातडी वितळून पुन्हा बसते. मागचं बंपर मी असं केलं. डॉक्टरसाहेब टाळ्या वाजवायचे बाकी होते. मग पुढचं घेतलं. तेवढ्यात कंपाउंडरने हाक मारली, "पेंटर, चहा." मी मान वळवून "आलो" म्हणालो. "आलो" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बंपरचा डावा कोपरा खाली ओघळला. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या हातून पेशंटचं असं झालं असतं तर गावानं दवाखाना फोडला असता. तुला मात्र चहा मिळतोय." पुढे कित्येक वर्षं त्यांची ती ओठ लोंबलेली गाडी हिंगोलीत फिरत राहिली. मी रस्त्यात दिसलो की ते मुद्दाम हॉर्न वाजवायचे. त्या दिवसापासून मी गाडीजवळ आग नेली नाही.

शेवटी उपाय सापडला तो आमच्या घरातच. जवसाचं तेल. आम्ही रंगात घालतो तेच, उकळलेलं. इतर तेलं ओली राहतात, जवसाचं तेल वाळतं. वाळून त्याची पातळ कातडी होते, आणि ती प्लास्टिकच्या बारीक भोकांत मुळं धरते. त्यात चिमूटभर काजळी घालायची, लवकर वाळावं म्हणून रंगाच्या दुकानातलं औषध दोन थेंब. आधी बंपर धुण्याच्या सोड्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासून घ्यायचं, कारण खरी घाण त्या खरखरीत दाण्यांमध्ये बसलेली असते. मग सावलीत पुरतं वाळू द्यायचं. घाई करणाऱ्याचं सगळं इथंच बिघडतं. जिथं खडू जाड झालाय किंवा डाग आहे तिथं पॉलिश पेपर, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा. मग जुन्या बनियनच्या फडक्याने तेल लावायचं आणि अर्ध्या तासाने सगळंच्या सगळं पुसून काढायचं. लोकांना वाटतं लावणं हे काम आहे. काम पुसण्याचं आहे. वर राहिलेलं तेल चिकट होतं, आत गेलेलं तेवढंच टिकतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. कुणीही घरी करू शकतं, मी कुणापासून लपवलं नाही. तरी लोक मला बोलवायचे, कारण पुसायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

एक मात्र सांगून ठेवतो. या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेटतात. आमच्या न्हाणीतला असाच एक बोळा भर दुपारी धुमसायला लागला होता. बायकोने बादली ओतली आणि मला म्हणाली, "लोकांच्या गाड्या काळ्या करता करता माझं घर काळं करता का काय?" तेव्हापासून आमच्याकडे फडकी दोरीवर वाळत घातली जायची, वाळवणासारखी.

हे काम दोन दिवसांचं, आणि गाडी दोन दिवस कुणी सोडत नाही. म्हणून मीच लुनावर पिशवी अडकवून गिऱ्हाइकाच्या घरी जायचो. अंगणात बसून काम करणाऱ्या माणसाला घरातलं सगळं ऐकू येतं. गाडी काळी कशासाठी करायची आहे ते मला कोणी न सांगता कळायचं. कुणाला विकायची असायची, कुणाकडे मुलीला बघायला येणार असायचे, कुणाच्या भावाने त्याच आठवड्यात नवी घेतलेली असायची. मी विचारायचो नाही. माझं काम डाग घालवायचं, डाग कशाचा ते विचारायचं नाही, असा माझा बाणा होता. या बाण्याचा मला अभिमानही होता.

दत्तरावांचा मुलगा बालाजी माझ्याकडे आला तो उन्हाळ्यात, दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी. नांदेडला नोकरी करायचा. सरळ, घाईतला पोरगा. म्हणाला, "पेंटरकाका, आईचं वर्षश्राद्ध हाय. पाव्हणे येतील. गाडी बघून लाज वाटून राहिली. बाबा तिला धुत न्हाई, धुऊ देत न्हाई. ते दोन दिवस सेनगावकडल्या गोरेगावला बहिणीकडं चालले, तवर करून टाका. आल्यावर बघतील तर खूश होतील."

मी दुसऱ्या दिवशी शिरडला गेलो. घर रस्त्याला लागून, पुढे पत्र्याचं शेड, शेडात पांढरी छोटी गाडी. पूर्वी ते शेड बैलांचं असावं, गव्हाण अजून होती. गव्हाणीत गाडीचं जुनं टायर ठेवलेलं. गाडीवर बोटभर धूळ. पाणी मारलं, ते वाळलं आणि बंपर उजेडात आलं. सगळं राखाडी, फक्त पुढच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर एक काळी जागा.

मी वाकून पाहिलं. तो हात होता. पाच बोटं, तळवा, अंगठा बाहेरच्या बाजूला. बाईचा किंवा लहानखुऱ्या माणसाचा. कडा कुठं कुठं दुहेरी झालेल्या, म्हणजे एकदा नाही, पुष्कळदा ठेवलेला. बाकीचं प्लास्टिक उन्हाने खाल्लं होतं आणि तेवढी हाताएवढी जागा काळी राहिली होती. तिथं कसलं तरी तेल किंवा तूप मुरलेलं असणार, हे मी लगेच ओळखलं.

बालाजीला विचारलं, "हे काय आहे रे?"

तो मोबाइलवर बोलत होता. फोनवर हात ठेवून म्हणाला, "काय की. आई पोळ्याला कायबाय लावायची. जाईल ना ते?"

"जाईल की," मी म्हणालो.

खरं तर इतर कुणाला नाही कळलं तरी मला कळायला हवं होतं. आमच्या घरी बैल कधीच नव्हते, पण माझा बाप दुसऱ्याच्या वाड्यावर सालगडी होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सुजतात, निबर होतात. त्या दिवशी ते गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तूप लावून मळायचे आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." मालकाच्या बैलांचे खांदे माझा बाप मळायचा. त्याचे तळहात तीन दिवस पिवळे असायचे आणि आईने भाकरी वाढली की भाकरीवर पिवळी बोटं उमटायची. एवढं माहीत असलेला मी, पोळा हा शब्द कानावर पडूनही, त्या हाताकडे पाहून डाग म्हणालो.

तो डाग हट्टी निघाला. तूप मुरलेल्या जागी माझं तेल बसेना, दोन रंग दिसायला लागले. मला राग आला, कामाचा राग येतो तसा. मी पॉलिश पेपर घेतला आणि ती जागा तीनदा घासली. बोटांच्या टोकांशी जास्त, कारण कडा तिथंच दिसत होत्या. मग तेल, पुसणं, पुन्हा तेल. दुसऱ्या दिवशी दुपारी बंपर इकडून तिकडे एकसारखं काळं झालं होतं. आयुष्यात केलेल्या उत्तम कामांपैकी ते एक. मी लांब उभा राहून ते बघत असतानाच दत्तराव जीपमधून उतरले.

उंच, वाळका माणूस. डोक्याला पटका, खांद्यावर पिशवी. बालाजी पुढे झाला, "बाबा, बघा की, कशी नवी दिसून राहिली!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. गाडीच्या डाव्या बाजूकडे, मागे, कुठंच पाहिलं नाही. सरळ उजव्या कोपऱ्याशी गेले आणि उकिडवे बसले. मग त्या जागेवर हात न लावता, चार बोटं वरच्यावर धरून म्हणाले, "हितं हात होता."

बालाजी जवळ येऊन वाकून बघायला लागला.

"तिचा हात होता हितं," ते म्हणाले, या वेळी माझ्याकडे बघून.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी फडकं हातात धरून तसाच उभा होतो.

मग त्यांनीच सांगितलं. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी बैलजोडी विकली, शेत ट्रॅक्टरला दिलं आणि ही जुनी गाडी घेतली. पन्नाशीत गाडी शिकले. चढावर गाडी दमली की जिभेने बैलाला हाकारल्यासारखं करायचे आणि कौसाबाई, त्यांची बायको, शेजारी बसून हसायची. बैल गेले त्या वर्षी पोळा आला. खांदेमळणीच्या संध्याकाळी कौसाबाईने सवयीने हळद-तूप कालवलं आणि वाटी घेऊन रिकाम्या गव्हाणीपाशी उभी राहिली.

"म्या म्हणलं, काहून उभी हायेस? आता कुणाचे खांदे मळतीस? तर म्हणली, ओझं कोण वाहून राहिलं आता? हीच ना?" दत्तरावांनी गाडीकडे हनुवटी केली. "अन् फासलं की हिच्या बंपरला. वरून म्हणती, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. सगळी गल्ली हसली. म्या बी हसलो."

गल्ली हसली म्हणून बाई थांबली नाही. सहा पोळे तिने हेच केलं. दरवर्षी त्याच कोपऱ्यावर, गव्हाणीच्या बाजूला. हळद आठ दिवसांत उन्हाने उडायची, तूप आत मुरायचं. सातव्या पोळ्याच्या आधी ती गेली. फोटो म्हणाल तर लग्नाच्या गर्दीतला एक, त्यातही पदर तोंडावर. तिच्या हाताची म्हणून तेवढीच एक वस्तू या घरात राहिली होती. गाडी का धुऊ देत नाहीत, ते त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं. असं सांगायचं कसं, हेही त्यांना कळलं नसावं.

बालाजी शेडाच्या खांबाला टेकून रडायला लागला. "मला काय ठाऊक बाबा, मला काय ठाऊक," एवढंच म्हणत होता. दत्तरावांनी त्याला उठून जवळ घेतलं नाही, पण म्हणाले, "तुला न्हाई रे कुणी काय म्हणत." मग पुन्हा बंपरकडे वळून मला विचारलं, "पेंटर, हे काळं उडंल कधी?"

"दोन पावसाळे टिकतं, दादा," मी म्हणालो. त्या वाक्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

"जरा लवकर न्हाई का करता येत?"

मी विचार केला. ताजं तेल टर्पेंटाइनने निघालं असतं, पण ते औषध घातलेलं तेल होतं, पहिला हात आदल्या दिवशीच वाळून आत धरला होता. जोर करून काढायचं तर आणखी घासावं लागणार, थिनर लावावा लागणार, म्हणजे खाली जे काही उरलं असेल तेही जाणार. खाली काय उरलंय ते मलाच माहीत नव्हतं. तूप खोल मुरलं असेल तर वरचं काळं उडाल्यावर हात पुन्हा उमटेल. पॉलिश पेपर त्याच्याही खाली गेला असेल तर काहीच उमटणार नाही.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली, दुसरी सांगितली नाही. तीनदा घासलं हे माझ्या तोंडून निघालंच नाही.

"गाडी शेडातून बाहेर काढा," मी म्हणालो. "तोंड दक्षिणेला करून उन्हात लावा. रोज सोड्याच्या पाण्याने धुवा. जमलं तर वर्षाच्या आतच उडेल." हजार गिऱ्हाइकांना मी सांगत आलो होतो की गाडी सावलीत लावा. या एका माणसाला मी गाडी उन्हात लावायला सांगितली.

त्या कामाचं मी काही घेतलं नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. वर्षश्राद्ध झालं. पाहुण्यांनी म्हणे गाडीचं कौतुक केलं.

मग माझं एक नवंच सुरू झालं. बसमतला जायचं काम निघालं की मी वाटेत शिरडला उतरायचो. गाडी उन्हात, तोंड दक्षिणेला. दत्तराव रोज सकाळी बादली घेऊन बंपर धुवायचे. गावात चेष्टा व्हायची. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, "दत्तराव गाडीला ऊन खाऊ घालून राहिला." मी बंपरवर बोट फिरवायचो. बोट स्वच्छ निघायचं. माझं तेल इतकं चिवट असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"काय म्हणतंय?" दत्तराव विचारायचे.

"अजून धरून आहे," मी सांगायचो. बाकीच्या गिऱ्हाइकांपुढे हेच वाक्य मी छाती फुगवून म्हणत असे.

त्यानंतरचा पहिला पोळा आला आणि गेला. नंतर मी त्यांना विचारलं की या वर्षी तुम्ही स्वतः हळद-तूप लावलं का. ते म्हणाले, "न्हाई. माझा लावला तर तिचा कळायचा न्हाई." मग म्हणाले, "आवतण मातर दिलं."

त्या वर्षांत मी इतर गाड्या करतच होतो, पण माझा तो बाणा गेला. डाग दिसला की आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलावून विचारायचो, हे कशाचं आहे, ठेवायचं का काढायचं. लोकांना वाटायचं पेंटर आता म्हातारा व्हायला लागला. बहुतेक वेळा डाग डांबराचा किंवा कावळ्याचा निघायचा. तरी विचारायचो. बायको म्हणायची, "डागाची बी पत्रिका मांडता व्हय आता?" तिला मी सगळी गोष्ट सांगितलेली होती, फक्त पॉलिश पेपरचं सोडून.

दुसरा पावसाळा सरला. दिवाळीनंतर शिरडचा एक जण हिंगोलीच्या बाजारात भेटला. म्हणाला, "दत्तरावाचा निरोप हाय. पेंटरला म्हणावं, तुमचं काम बिघडलं, येऊन बघा."

माझं काम बिघडलं हे ऐकून मी लुना काढली ती थेट शिरडपर्यंत थांबवली नाही. औंढ्याच्या चढाला लुना दमली तेव्हा माझ्याही तोंडून बैलाला करतात तसला आवाज निघाला. मनात एकच चाललं होतं, पेपर किती खोल गेला होता.

दत्तराव गाडीपाशीच होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मी उकिडवा बसलो. बंपर राखाडी झालं होतं, छान राखाडी, आणि उजव्या कोपऱ्यावर हात होता. आधीपेक्षा फिकट, पण होता. तळवा, अंगठा, आणि तीन बोटं. करंगळी नव्हती. जिथं ती असायला हवी तिथं सरळ राखाडी प्लास्टिक होतं, आणि त्यावर जवळून पाहिलं तर पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे दिसत होते. ते ओरखडे माझेच होते.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. दीड वर्ष पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं. "दादा, ती जागा मी घासली होती. तीनदा घासली. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. करंगळी माझ्यामुळं गेली."

दत्तराव माझ्या शेजारी बसले. बोटाने हवेतच त्या हाताची कड फिरवली, अंगठ्यापासून शेवटच्या बोटापर्यंत, आणि तिथं थांबले. मग म्हणाले, "न्हाई पेंटर. तिची करंगळी टेकतच नव्हती. लहानपणी विळा लागलेला, वाकडी बसली होती. तुमचं काय न्हाई त्याच्यात."

"व्हय का?" मी म्हणालो.

"व्हय. पहिल्यापासून चारच बोटं हायती हितं," ते म्हणाले, आणि घरात चहाचं सांगायला उठून गेले.

मी तिथंच बसून राहिलो. त्या पहिल्या दिवशी, पाणी मारल्यावर, वाकून, मी पाचही बोटं पाहिली होती. करंगळी सरळ होती.

चहा आला. मी घेतला. त्यांना काही बोललो नाही.